सौंदर्यशस्त्रक्रियेचा विचार करताना: आधी मनाची तपासणी कशी करावी

नाकाचा आकार बदलून घेणे, पोटावरची किंवा हनुवटीखालची चरबी काढणे, पुरुषांच्या छातीवर वाढलेली स्तनग्रंथी काढून टाकणे, स्तनांचा आकार कमी किंवा जास्त करणे, केसांचे रोपण करणे अशा उपचारांचा विचार जे पहिल्यांदाच करत आहेत, त्यांच्यासाठी हा लेख आहे. अशी माणसे सहसा भरपूर तयारी करतात. त्यांनी सर्जनची नावे काढलेली असतात, 'आधी' आणि 'नंतर'चे फोटो पाहिलेले असतात, खर्चाचा आणि हप्त्यांचा हिशेब मांडलेला असतो, रजा किती दिवस मिळेल याचीही चौकशी झालेली असते. मनाची तपासणी मात्र राहून जाते. रक्ताची तपासणी, ईसीजी, भूलतज्ज्ञांची तपासणी या गोष्टी रुग्णालय करून घेते; मनाच्या तपासणीसाठी बहुतेक वेळा आपणच पुढाकार घ्यावा लागतो. शस्त्रक्रियेनंतर माणूस समाधानी राहील की नाही, हे सर्जनच्या हातगुणाइतकेच या तपासणीवर अवलंबून असते, असे माझे ठाम मत आहे.

त्याआधी एक गैरसमज दूर करायला हवा. रूप बदलावेसे वाटणे हा आजार नाही, उथळपणाही नाही. १९६० साली अमेरिकेतील जॉन्स हॉपकिन्स रुग्णालयात प्लास्टिक सर्जन एजर्टन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी सौंदर्यशस्त्रक्रियेसाठी आलेल्या रुग्णांच्या मुलाखती घेतल्या आणि त्यांपैकी बहुसंख्यांना कोणता ना कोणता मानसिक विकार असल्याचे निदान केले. त्या काळी केवळ मुलाखत घेणाऱ्याच्या मतावर अशी निदाने होत असत. पुढे प्रमाणित चाचण्या वापरल्या जाऊ लागल्या, तेव्हा चित्र बरेच बदलले: यातील बहुतेक माणसे मानसिकदृष्ट्या चारचौघांसारखीच असतात, फक्त एखाद्या विशिष्ट अवयवाविषयीची त्यांची नाराजी इतरांपेक्षा तीव्र असते. तेव्हा पुढील पायऱ्या स्वतःवर ठपका ठेवण्यासाठी नाहीत. आपण या बहुसंख्यांमध्ये आहोत, की शस्त्रक्रियेने ज्यांचे दुःख वाढण्याची शक्यता असते अशा थोड्या लोकांमध्ये आहोत, एवढे ओळखण्यासाठी त्या आहेत.

पहिली पायरी: तक्रार एका वाक्यात लिहून काढा

कागद घ्या आणि आपल्याला नेमके काय बदलायचे आहे ते एका वाक्यात लिहा. 'नाकाच्या दांड्यावरचा उंचवटा बाजूने पाहताना दिसतो, तो कमी व्हावा' हे कामाचे वाक्य आहे, कारण सर्जन त्यावर बोट ठेवू शकतो आणि नंतर ते काम झाले की नाही हे दोघांनाही सांगता येते. 'माझा चेहराच नीट नाही', 'काहीतरी विचित्र दिसते' अशी वाक्ये खरी असतील, मनापासूनची असतील, पण कोणतेही शस्त्र त्यांच्यावर चालवता येत नाही. वाक्य नेमके होत नसेल तर घाई करू नका. आठवडाभराने पुन्हा लिहून पाहा.

त्याच कागदावर दुसरे लिहा: ही गोष्ट पहिल्यांदा कोणी दाखवून दिली आणि तेव्हा आपण किती वर्षांचे होतो? आपल्याकडे रूपाविषयी उघडपणे बोलण्याची सवय इतकी मुरलेली आहे की बारशाच्या पाळण्यापाशीच रंगाची आणि नाकाची चर्चा सुरू होते. लग्नाच्या बायोडेटामध्ये रंगासाठी वेगळा रकाना असतो, स्थळाचे वर्णन 'नाकी डोळी नीटस' असे केले जाते आणि 'नकटीच्या लग्नाला सतराशे विघ्ने' ही म्हण घरातली मोठी माणसे त्या मुलीसमोरच वापरतात. ज्यांच्या मनात एखादे शाळेतले टोपणनाव किंवा कांदेपोह्यांच्या कार्यक्रमानंतर कानावर आलेला शेरा वीस वर्षांनीही ताजा असतो, त्यांना नाक दुरुस्त झाले तरी तो शेरा पुसला जाईलच असे नाही. याचा अर्थ शस्त्रक्रिया करू नये असा नव्हे; त्या शेऱ्यासाठी वेगळे बोलणे, बहुधा समुपदेशकाशी, आवश्यक आहे एवढाच आहे.

दुसरी पायरी: वेळ मोजा

संपूर्ण लेखात सर्वांत महत्त्वाची पायरी हीच आहे, म्हणून ती जरा सविस्तर पाहू.

बॉडी डिसमॉर्फिक डिसऑर्डर, संक्षेपाने बीडीडी, नावाचा एक मानसिक विकार आहे. इटालियन मनोविकारतज्ज्ञ एन्रिको मोर्सेली यांनी १८९१ मध्ये त्याचे वर्णन केले होते. यात माणसाला स्वतःच्या रूपात असे व्यंग दिसते जे इतरांना दिसत नाही किंवा अगदी किरकोळ वाटते, आणि त्या व्यंगाचा विचार त्याला दिवसभर सोडत नाही. अमेरिकन मनोविकार संघटनेच्या २०१३ च्या वर्गीकरणात हा विकार ओसीडीच्या, म्हणजे आपण ज्याला मंत्रचळ म्हणतो त्याच्या, गटात ठेवलेला आहे. हात धुऊनही अस्वच्छ वाटणे आणि आरसा पाहूनही खात्री न पटणे यांची जातकुळी एकच आहे. सर्वसाधारण प्रौढांमध्ये बीडीडीचे प्रमाण सुमारे दोन टक्के आढळते. सौंदर्यशस्त्रक्रियेसाठी येणाऱ्यांमध्ये ते सुमारे तेरा टक्के आणि नाकाच्या शस्त्रक्रियेसाठी येणाऱ्यांमध्ये सुमारे वीस टक्के असल्याचे विविध अभ्यासांच्या एकत्रित आढाव्यात दिसून आले आहे. विकाराची सुरुवात बहुधा किशोरवयात होते, आणि तो स्त्रियांइतकाच पुरुषांमध्येही आढळतो. व्यायामशाळेत तासन्‌तास घालवूनही 'आपण किरकोळच दिसतो' असे ज्याला वाटत राहते, तो याच विकाराच्या एका प्रकाराने त्रस्त असू शकतो.

अडचण अशी की बीडीडी असलेल्या माणसाला ते व्यंग खरेच दिसत असते. म्हणून 'माझे व्यंग खरे आहे की मनाचा खेळ आहे?' हा प्रश्न स्वतःला विचारून काही हाती लागत नाही. त्याऐवजी आपण काय करतो आणि त्यात किती वेळ जातो, हे पाहावे. एक आठवडाभर वहीत पुढील नोंदी ठेवा. त्या अवयवाचा विचार दिवसातून एकूण किती वेळ मनात असतो? आरसा किती वेळा पाहिला जातो, आणि आरसा नसेल तेव्हा पार्क केलेल्या गाड्यांच्या काचा, दुकानांच्या काचा, मोबाइलचा बंद पडदा यांत स्वतःला तपासले जाते का? की उलट आरसा टाळलाच जातो? ओढणी, टोपी, मास्क, केसांची बट, विशिष्ट बाजूने बसणे अशा मार्गांनी तो भाग झाकला जातो का? भेटणाऱ्या प्रत्येकाच्या त्याच अवयवाशी तुलना होते का? घरातल्यांना 'कसे दिसते?' हा प्रश्न पुन्हा पुन्हा विचारला जातो का? आणि या सगळ्यामुळे कोणते लग्न, कोणती मुलाखत, कोणती सहल टाळली गेली?

विचार दिवसातून मिळून तासाभरापेक्षा जास्त वेळ चालत असेल आणि त्यामुळे काम, अभ्यास किंवा लोकांत मिसळणे अडत असेल, तर सर्जनची भेट पुढे ढकलून आधी मनोविकारतज्ज्ञांची भेट घ्यावी. ही वही म्हणजे निदान नव्हे. निदान तज्ज्ञच करतील. मात्र त्यांना पहिल्याच भेटीत हवी असलेली बरीच माहिती या वहीत मिळते. चिंता मुख्यतः वजनाची असेल आणि जेवण टाळणे, खाल्लेले उलटून टाकणे असे प्रकार घडत असतील, तर तेही मोकळेपणाने सांगावे, कारण तो खाण्याशी संबंधित वेगळा विकार असू शकतो आणि त्याचे उपचार वेगळे असतात.

मार्क गॉर्नी या अमेरिकन प्लास्टिक सर्जनने रुग्णनिवडीसाठी एक साधा आलेख सुचवला होता. आडव्या रेषेवर व्यंग किती मोठे आहे ते मांडायचे आणि उभ्या रेषेवर त्याची चिंता किती मोठी आहे ते. व्यंग मोठे आणि चिंता त्या मानाने बेताची असेल तर तो माणूस शस्त्रक्रियेनंतर समाधानी होण्याची शक्यता जास्त. व्यंग अगदी लहान आणि चिंता मात्र डोंगराएवढी असेल तर धोका सर्वांत जास्त. मोठ्या व्यंगाचे एक जुने उदाहरण पाहा. १७९४ साली लंडनच्या 'जंटलमन्स मॅगझिन'मध्ये पुण्यात झालेल्या एका शस्त्रक्रियेची हकिगत छापून आली होती: टिपू सुलतानाच्या कैदेत नाक कापले गेलेल्या कावसजी नावाच्या गाडीवानाला एका स्थानिक कारागिराने कपाळाची त्वचा वळवून नवे नाक बसवून दिले होते. त्या हकिगतीमुळे युरोपातील सर्जनांना ही पद्धत माहीत झाली. कावसजीच्या व्यंगाबद्दल दोन माणसांत मतभेद होण्याचा प्रश्नच नव्हता. आपल्या बाबतीत तो होऊ शकतो, आणि म्हणूनच या आलेखावर आपली जागा ठरवताना स्वतःच्या मतासोबत सर्जनचे आणि घराबाहेरच्या एखाद्या समंजस माणसाचे मतही घ्यावे.

तिसरी पायरी: शस्त्रक्रियेकडून काय हवे आहे ते वेगळे काढा

पहिल्या कागदाच्या मागे 'ही शस्त्रक्रिया झाल्यावर माझ्या आयुष्यात काय बदलेल?' याचे उत्तर लिहा आणि प्रत्येक ओळीपुढे खूण करा: हा बदल शरीरात आहे, माझ्या मनात आहे, की दुसऱ्या कोणाच्या वागण्यात आहे? 'घट्ट टी-शर्ट घालता येईल' ही शरीराची ओळ आहे आणि ती बहुधा पूर्ण होते. 'पोहायला जाताना संकोच वाटणार नाही' ही मनाची ओळ आहे आणि तीही पुष्कळांच्या बाबतीत पूर्ण होते. 'नवरा पुन्हा माझ्याकडे लक्ष देईल', 'स्थळे नकार देणार नाहीत', 'ऑफिसात मान मिळेल' या ओळी दुसऱ्यांच्या हातात आहेत, आणि त्यांची हमी कोणताही सर्जन देऊ शकत नाही.

ज्यांना बीडीडी नाही त्यांच्यापैकी बहुतेकजण शस्त्रक्रिया झालेल्या अवयवाबद्दल नंतर समाधानी असतात, असे अभ्यास सांगतात. एकूण आत्मसन्मान वाढतो का, नैराश्य कमी होते का, याबाबतचे निष्कर्ष मात्र एकसारखे नाहीत. २००४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका आढाव्यात असमाधानाची शक्यता वाढवणाऱ्या गोष्टी नोंदवल्या आहेत: तरुण वय, पुरुष असणे, अवास्तव अपेक्षा, व्यंग किरकोळ असणे, आधीच्या शस्त्रक्रियेबद्दलची नाराजी, जोडीदाराशी बिघडलेले नाते सुधारण्याचा हेतू, आणि नैराश्य, चिंता किंवा व्यक्तिमत्त्वविकाराचा इतिहास. यातील एखादी गोष्ट आपल्याला लागू पडली तर घाबरून जाऊ नये; दोन-तीन लागू पडत असतील तर निर्णयाची गती कमी करावी.

घटस्फोट, मृत्यू, नोकरी जाणे, साखरपुडा मोडणे अशा घटनेनंतर लगेच शस्त्रक्रियेची तारीख घेऊ नये. लग्नाच्या तोंडावर करायची असेल तर सूज उतरायला लागणारा काळ विचारून घ्यावा, कारण नाकाची सूज पूर्णपणे उतरून अंतिम आकार दिसायला साधारण वर्ष लागू शकते.

चौथी पायरी: स्वतःचा स्वभाव ओळखा

स्वभावाचा आणि शस्त्रक्रियेचा संबंध लोकांना लांबचा वाटतो. प्रत्यक्षात शस्त्रक्रियेनंतरच्या पहिल्या दोन महिन्यांत तो ठळकपणे दिसतो.

अत्यंत काटेकोर माणसाचे उदाहरण घेऊ. ज्याला भिंतीवरची तसबीर किंचित तिरकी असलेलीही चालत नाही, त्याने आधीच समजून घ्यावे की कोणाचाही चेहरा दोन्ही बाजूंनी तंतोतंत सारखा नसतो, शस्त्रक्रियेनंतरही तो तसा होत नाही, आणि बरे होताना एका बाजूची सूज दुसरीपेक्षा आधी उतरते. अशा माणसाने सर्जनला भेटताना 'किती मिलिमीटर फरक राहिला तर तुम्ही निकाल चांगला मानता?' हा प्रश्न विचारावा आणि उत्तर लिहून ठेवावे. हा काटेकोरपणा स्वतःचा आहे, की 'लोक माझ्याकडून निर्दोष असण्याची अपेक्षा ठेवतात' या समजुतीतून आलेला आहे, हेही पाहावे. रूपाविषयीच्या नाराजीशी दुसऱ्या प्रकाराचा संबंध विशेष जोडला जातो.

ज्यांचे मन पटकन खाली-वर होते, ज्यांना लहानशा गोष्टीची रात्रभर चिंता लागते, त्यांनी पट्ट्या निघण्याच्या दिवसांत कोणीतरी जवळ राहील अशी व्यवस्था आधीच करावी. पहिल्या काही आठवड्यांत चेहरा सुजलेला आणि काळानिळा असताना उदास वाटणे स्वाभाविक आहे. ते माहीत असले की 'आपण चूक केली' असा निष्कर्ष घाईने काढला जात नाही. कौतुकावर ज्यांचे मन पोसले जाते त्यांना आणखी एक गोष्ट सांगावीशी वाटते. चांगल्या रीतीने केलेली शस्त्रक्रिया पुष्कळदा कोणाच्या लक्षातही येत नाही, आणि कोणी काहीच बोलले नाही याचा त्रास त्यांना फार होतो. दुसऱ्यांच्या होकाराशिवाय निर्णय घेता येत नाही अशांनी निदान एकदा तरी सर्जनला एकट्याने भेटावे, आई, बहीण किंवा जोडीदार सोबत नसताना.

सर्जनांच्या वर्तुळात 'सायमन' हे इंग्रजी आद्याक्षरांवरून बनलेले एक संक्षिप्त नाव प्रचलित आहे: एकटा, अपरिपक्व, पुरुष, अवाजवी अपेक्षा बाळगणारा आणि आत्ममग्न असा रुग्ण दिसला तर सावध राहावे, असा त्याचा अर्थ. अनुभवातून आलेली ही सूचना आहे, चाचणी नव्हे. अविवाहित पुरुष आहे म्हणून कोणाला संशयाने पाहणे अन्यायाचे आहे. आपल्याकडे छातीच्या वाढीमुळे कॉलेजात कुचेष्टा सोसलेले कितीतरी मुलगे पूर्णपणे रास्त कारणाने सर्जनकडे जातात.

पाचवी पायरी: फोटोवर विसंबू नका

हातात धरलेल्या मोबाइलने काढलेला सेल्फी चेहऱ्याचे प्रमाण बिघडवतो. २०१८ मध्ये अमेरिकन संशोधकांनी गणिती प्रतिमानाने दाखवले की साधारण एक फुटावरून काढलेल्या फोटोत नाक प्रत्यक्षापेक्षा सुमारे तीस टक्के रुंद दिसते, तर पाच फुटांवरून हा फरक जवळजवळ राहत नाही. त्यामुळे नाकाविषयीची तक्रार सेल्फी पाहूनच सुरू झाली असेल, तर दुसऱ्या कोणाला पाच-सहा फुटांवर उभे करून, दिवसाच्या उजेडात, फिल्टर न लावता समोरून आणि दोन्ही बाजूंनी फोटो काढायला सांगावेत. सर्जनकडे नेताना हेच फोटो न्यावेत. फिल्टर लावलेला स्वतःचा फोटो 'मला असे दिसायचे आहे' म्हणून दाखवणे टाळावे, कारण फिल्टर त्वचेची रंध्रे आणि हाडांची ठेवण दोन्ही बदलतो आणि शस्त्रक्रियेला ते शक्य नसते.

सहावी पायरी: सर्जनला भेटताना

प्लास्टिक सर्जरीतील एम.सीएच. किंवा डीएनबी ही पदवी आणि महाराष्ट्र मेडिकल कौन्सिलकडील नोंदणी तपासावी. निव्वळ रूपासाठी केलेल्या शस्त्रक्रियेचा खर्च आरोग्य विम्यात सहसा मिळत नाही आणि त्यावर जीएसटीही लागतो, हे हिशेबात धरावे.

त्याहून महत्त्वाचे म्हणजे काहीही लपवू नये. नैराश्याची औषधे चालू आहेत, आधी कोठेतरी फिलर (त्वचेखाली टोचून भरण्याचा पदार्थ) घेतले होते, दोन सर्जनांनी नकार दिला होता, या गोष्टी सांगितल्या तर शस्त्रक्रिया नाकारली जाईल या भीतीने लोक गप्प बसतात. नकार देणारा सर्जन आपला वैरी नसतो. त्याने मानसशास्त्रज्ञांना भेटून यायला सांगितले तर तो अपमान समजू नये. ऑस्ट्रेलियात जुलै २०२३ पासून सौंदर्यशस्त्रक्रियेपूर्वी प्रमाणित प्रश्नावलीने बीडीडीची चाचपणी करणे, किमान दोन वेळा सल्लामसलत करणे आणि संमती दिल्यानंतर किमान सात दिवस थांबणे बंधनकारक केलेले आहे. हा नियम स्वतःपुरता कोणीही पाळू शकतो: दोन भेटी झाल्याशिवाय आगाऊ रक्कम भरू नये आणि 'आजच बुक केल्यास सवलत' असे जेथे सांगितले जाते तेथून उठून यावे.

बीडीडीची शंका खरी निघाली तर

हा विकार उपचारांनी बरा होऊ शकतो, हे सर्वांत आधी लक्षात घ्यावे. सीबीटी या, विचार आणि सवयी बदलण्यावर भर देणाऱ्या मानसोपचाराच्या पद्धतीत आरसा तपासणे, भाग झाकणे, तुलना करणे या सवयी टप्प्याटप्प्याने कमी करून टाळलेल्या प्रसंगांना सामोरे जाण्याचा सराव करून घेतला जातो. त्यासोबत मनोविकारतज्ज्ञ एसएसआरआय गटातील (नैराश्य आणि ओसीडीवरही वापरली जाणारी) औषधे देतात, ज्यांचा पूर्ण परिणाम दिसायला काही वेळा तीन महिन्यांपर्यंत थांबावे लागते. याउलट बीडीडी असताना केलेल्या शस्त्रक्रियेने विकार सहसा हलत नाही. कधी त्याच अवयवाबद्दलचा असंतोष वाढतो, कधी नाकाची चिंता संपून हनुवटीची सुरू होते. मानसशास्त्रज्ञ निवडताना त्यांची भारतीय पुनर्वास परिषदेकडे चिकित्सालयीन मानसशास्त्रज्ञ म्हणून नोंदणी आहे का, हे विचारावे. बीडीडीमध्ये आत्महत्येचे विचार येण्याचे प्रमाण मोठे आहे. तसे विचार येत असतील तर वाट न पाहता जवळच्या रुग्णालयात जावे किंवा केंद्र सरकारच्या टेलिमानस सेवेच्या १४४१६ या क्रमांकावर कोणत्याही वेळी फोन करावा.

घरच्यांसाठी थोडे. 'नाक वाकडे दिसते का गं आई?' असे दिवसातून दहा वेळा विचारणाऱ्या मुलाला दहाही वेळा 'नाही रे, छान आहे' असे सांगितल्याने त्याला घटकाभर बरे वाटते आणि नंतर तोच प्रश्न अधिक जोराने परत येतो. चेष्टा केल्याने किंवा 'एवढ्याशा गोष्टीचे काय घेऊन बसलास' असे म्हटल्याने तो बोलणेच बंद करतो. नाक कसे आहे या वादात न शिरता 'तुला याचा किती त्रास होतो आहे ते मला दिसते आहे, आपण डॉक्टरांशी बोलू' असे म्हणावे, भेटीची वेळ स्वतः ठरवावी, आणि त्या दिवशी त्याच्याबरोबर जावे.